मुलगा आर्मीत आहे, मग घरातल्या सगळ्यांचे पेपर होतील का?

पत्र न्यू जर्सीतून आलंय, नाव-गाव काढून आणि थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, आम्ही मूळचे गुहागर तालुक्यातले. मिस्टर बोटीवर होते, २००० च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला बोट लागली तेव्हा उतरले ते परत चढलेच नाहीत. मी २००४ मध्ये व्हिजिटर व्हिसावर आले, मुलगी ५ वर्षांची होती ती पण माझ्याबरोबरच आली, तिच्याकडे डाका आहे (लहानपणी आणलेल्या मुलांना मिळणारी तात्पुरती सवलत आणि वर्क परमिट). मुलगा २००५ चा, इथेच जन्मला. तो आर्मीत आहे, दोन महिन्यांनी २१ पूर्ण होईल. आमच्या ओळखीतला एक इमिग्रेशन कन्सल्टंट म्हणतो की मिलिटरी पॅरोल नावाची स्कीम आहे, मुलगा फौजेत असला की आई, बाप, बहीण सगळ्यांचं एकदम होतं, चौघांच्या पॅकेजचे ९ हजार डॉलर, अर्धे आधी. मिस्टर तयार आहेत. सुरुवातीला ते ज्यांच्याकडे कामाला होते त्या हॉटेलवाल्याने तेव्हा काहीतरी पेपर भरले होते म्हणे पण त्याचं पुढे काही झालं नाही. गावी माझी आई खूप आजारी आहे. फौजीची आई म्हणून मला जाऊन परत येता येईल का? मुलाला आमच्यामुळे नोकरीत त्रास होईल का याची पण भीती वाटते. काय करू?"

ताई, आधी एकच सांगते, तो अर्धा अ‍ॅडव्हान्स देऊ नका. दिला असेल तर निदान कुठल्याही कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. बाकीचं निवांत वाचा, दोनदा वाचा, मुलाला पण वाचायला द्या, कारण तुमच्या पत्रात खूप काही चांगलं आहे आणि दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या न बघता फॉर्म गेला तर होत्याचं नव्हतं होईल.

मी वकील नाही, बरीच वर्षं इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात फायली लावल्यात, त्यामुळे काय विचारायचं, कुठले कागद शोधायचे एवढं नक्की सांगू शकते. निर्णय मात्र लायसन्स असलेल्या वकिलासमोर बसूनच घ्यायचा.

तर ही मिलिटरी पॅरोलची गोष्ट खोटी नाही. २००७ मध्ये इराकमध्ये ॲलेक्स हिमेनेझ नावाचा अमेरिकन सैनिक बेपत्ता झाला आणि त्याच वेळी इकडे त्याच्या बायकोवर डिपोर्टेशनची केस चालू होती. देशभर आरडाओरडा झाला आणि तिला पॅरोल, म्हणजे देशात राहायची खास तात्पुरती परवानगी, देऊन इथेच ग्रीन कार्डचा रस्ता मोकळा केला. मग हळूहळू तशीच सवलत इतर फौजी कुटुंबांना मिळायला लागली आणि १५ नोव्हेंबर २०१३ ला युएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याने, रीतसर लेखी पॉलिसी काढली. सैनिक, रिझर्व्हमधले, माजी सैनिक यांचे नवरा-बायको, आईवडील, मुलं यांना 'पॅरोल इन प्लेस', म्हणजे देश न सोडता जागच्या जागी पॅरोल, एका वेळी एक वर्षाचा. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संसदेने सुद्धा डिफेन्सच्या कायद्यात लिहून ठेवलं की फौजी कुटुंबांसाठी हे महत्त्वाचं आहे. पण हा हक्क नाही, अधिकाऱ्याने मनावर घेतलं तर देतो, नाही तर नाही.

आणि मुख्य म्हणजे हा पॅरोल कोणासाठी? जो माणूस बॉर्डरवर कोणालाही न भेटता, शिक्का न मारता आत आला त्याच्यासाठी. मेक्सिकोच्या वाळवंटातून चालत आलेला, डंकीने आलेला, असा माणूस नागरिकाशी लग्न केलं तरी इथे बसून ग्रीन कार्डचा फॉर्म भरू शकत नाही कारण त्याची 'एंट्री'च झालेली नसते, ती उणीव हा पॅरोल भरून काढतो. तुम्ही ताई मुंबईच्या कॉन्सुलेटमधून व्हिसा घेऊन, एअरपोर्टवर ऑफिसरसमोर उभं राहून, पासपोर्टवर शिक्का मारून आलात. तुम्हाला हा पॅरोल मिळतच नाही, कारण तुम्हाला त्याची गरजच नाही! मुलीला मिळत नाही, ती पण व्हिसावर आली आणि शिवाय बहीण-भाऊ या यादीत बसतच नाहीत. म्हणजे चौघांच्या पॅकेजमधून मुलगा काढला (तो जन्माने नागरिक, त्याचं काय पॅकेज करणार होते देव जाणे) तर दोघींना स्कीम लागूच नाही आणि राहिले मिस्टर, त्यांची केस बोटीची, ती सगळ्यात गुंतागुंतीची, त्यावर पुढे बोलूच.

आणखी एक घोळ लोकांच्या डोक्यात आहे म्हणून सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नागरिकांच्या नवरा-बायकोंसाठी अशीच एक पॅरोलची मोठी योजना आली होती, ती टेक्सासच्या कोर्टाने नोव्हेंबरमध्ये रद्द केली. तिचा आणि मिलिटरीच्या पॅरोलचा संबंध नाही. कोणी तिच्या नावाने पैसे मागत असेल तर ते दार बंद झालंय.

आता तुमचं स्वतःचं. कायद्यात 'इमिजिएट रिलेटिव्ह' नावाचा गट आहे, नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ च्या आतली अविवाहित मुलं, आणि २१ पूर्ण झालेल्या नागरिकाचे आईवडील. या गटातला माणूस शिक्का मारून आला असेल तर नंतर कितीही वर्षं ओव्हरस्टे केला, परवानगीशिवाय काम केलं, तरी इथेच ग्रीन कार्डचा फॉर्म भरू शकतो. ही सोय सगळ्यांसाठी आहे, मुलगा आर्मीत नसून बेकरीत असता तरी हेच झालं असतं. म्हणून दोन महिने थांबा, मुलाचे २१ पूर्ण होऊ द्या, मग त्याने तुमच्यासाठी आय-१३० (नातेवाइकासाठीची पिटिशन) आणि त्याच्याच बरोबर तुम्ही आय-४८५ (ग्रीन कार्डचा फॉर्म) भरायचा, दोन्ही एकाच पाकिटात जाऊ शकतात. फी एप्रिल २०२४ पासून कागदी आय-१३० ची ६७५ डॉलर आणि आय-४८५ ची १,४४० आहे, त्यात वर्क परमिटची फी वेगळी, आणि फी बदलतात म्हणून भरायच्या दिवशी सरकारी साइटवर परत बघायचं. बघा म्हणजे सरकारी खर्च किती आणि तो माणूस मागतो किती.

मुलाला तुमचा खर्च उचलायची हमी पण द्यावी लागेल, आय-८६४ वर. लोक म्हणतात फौजीला यात सूट आहे. आहे, पण ती बायको-मुलांसाठी अर्ज करताना, तेव्हा गरिबी रेषेच्या १०० टक्के उत्पन्न चालतं. आईवडिलांसाठी फौजीला पण १२५ टक्केच लागतात. त्याचा पगार कमी पडला तर दुसरा कोणी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर चालतो, आत्तापासून कोणाला तरी विचारून ठेवा कारण ऐनवेळी लोक पाय मागे घेतात.

शिक्क्याचा पुरावा लागणार, त्याच्यावरच सगळं उभं आहे. २००४ चा तो पासपोर्ट कुठे आहे? त्यात स्टेपल केलेलं पांढरं कार्ड असायचं, आय-९४. ते असेल तर जपून ठेवा, लॅमिनेट करू नका. नसेल तर घाबरू नका, माहिती अधिकारासारखा इथे एफओआयएचा अर्ज असतो, त्याने कस्टम्स आणि बॉर्डर खात्याकडून तुमची एंट्री काढता येते, आणि आय-१०२ भरून कार्डाची नक्कल मागता येते. विमानतळावरची कार्डं २०१३ मध्ये बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर गेलं, तुमची एंट्री त्याच्या आधीची म्हणून ऑनलाइन दिसली नाही तर लगेच हातपाय गाळू नका.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण हे त्या कन्सल्टंटने तुम्हाला विचारलंच नसणार. २००४ मध्ये व्हिसासाठी डीएस-१५६ नावाचा फॉर्म भरला होता ना, त्यात प्रश्न असायचा की तुमचे नवरा, आईवडील, भाऊबहीण यातलं कोणी अमेरिकेत आहे का. तेव्हा मिस्टर इथे चार वर्षं होते. तुम्ही काय लिहिलंत? 'बोटीवर आहेत' असं लिहिलं असेल, किंवा एजंटने लिहिलं आणि तुम्ही सही केली असेल, तर ती सरकारच्या भाषेत खोटी माहिती देऊन व्हिसा घेणं होऊ शकतं आणि त्याने ग्रीन कार्ड अडतं. त्याची माफी असते पण ती मागायला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नवरा नाहीतर आईवडील लागतात, तुमच्या वाचून त्यांचे हाल होतील हे दाखवावं लागतं, आणि त्यात मुलगा चालत नाही. आर्मीतला पण चालत नाही. मला माहितीये तुम्ही त्या वेळी पाच वर्षांच्या पोरीला घेऊन नवऱ्याकडे यायला निघाला होतात, कोणी काय लिहिलं हे आज आठवणार पण नाही. पण आठवायचा प्रयत्न करा, आणि वकिलाला पहिल्याच मीटिंगमध्ये हे सांगा, लाजू नका, लपवू नका.

तसंच दुसरं. कामाला लागताना आय-९ फॉर्म भरतात, त्यावर 'सिटिझन' च्या चौकटीत कधी खूण केली का? मोटर व्हेइकलच्या ऑफिसात लायसन्स काढताना कोणी मतदार नोंदणीच्या कागदावर सही घेतली का, कधी मत दिलं का? नागरिक असल्याचा खोटा दावा ही चूक सगळ्यात महाग पडते, तिला माफी जवळजवळ नाहीच. न्यू जर्सीत मे २०२१ पासून पेपर नसलेल्यांना पण साधं लायसन्स मिळतं, ते घेतलं तर काही बिघडत नाही, पण त्या खिडकीवर कशाकशावर सही केली ते महत्त्वाचं.

आणि तिसरं, कोर्टाची जुनी ऑर्डर. २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला एका माजी मरीनची बायको ग्रीन कार्डच्या मुलाखतीला गेली आणि तिथेच तिला पकडलं. लहान असताना आईबरोबर आली होती, आई कोर्टाच्या तारखेला गेली नाही, म्हणून तिच्या नावावर डिपोर्टेशनची ऑर्डर पडून होती. अंगावर पिणारं बाळ होतं तिच्या. दोनेक महिन्यांनी सुटली, पण ते दोन महिने गेलेच ना. म्हणून फॉर्म भरायच्या आधी तुम्हा तिघांच्या नावावर कुठे काही केस, काही ऑर्डर नाही ना हे वकिलाकडून तपासून घ्यायचं. कधी वकिलाने किंवा एजंटने असायलमचा, म्हणजे आश्रय मागायचा, अर्ज घातला होता का तेही आठवा, त्या काळात पाचशे डॉलरमध्ये वर्क परमिट म्हणून बऱ्याच जणांचे असायलमचे अर्ज त्यांना न सांगता घातलेले मी स्वतः फायलीत बघितलेत.

हे सगळं आधी बघायला सांगते कारण आता हवा बदललीये. फेब्रुवारी २०२५ च्या पॉलिसीप्रमाणे अर्ज नामंजूर झाला आणि माणसाकडे स्टेटस नसेल तर त्याला सरळ इमिग्रेशन कोर्टाची नोटीस देतात, पूर्वी फाइल बंद करून गप्प बसायचे. घरातला माणूस फौजेत आहे म्हणून आधी जी मवाळ नजर असायची ती सूचना पण २०२५ मध्ये काढून टाकली. कॅलिफोर्नियात सांता आनाला जून २०२५ मध्ये बागकाम करणाऱ्या एका बापाला रस्त्यावर पाडून पकडलं, त्याची तिन्ही पोरं मरीन. त्या बापाला मिलिटरी पॅरोल मागता आला असता, तो शिक्क्याशिवाय आलेला होता, पण पकडलं तोपर्यंत तो मिळालेला नव्हता. तेव्हा अर्ज करायचा तर पक्का करायचा, आणि मुलाखतीला वकिलाशिवाय जायचं नाही.

आता मिस्टर. बोटीवरून उतरलेल्या खलाशाला कायदा फार कडक आहे, आणि ही आपल्या कोकण-गोव्याकडच्या कितीतरी घरांची गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. क्रू म्हणून आलेल्या माणसाला इथे बसून ग्रीन कार्डचा फॉर्म भरता येत नाही, इमिजिएट रिलेटिव्ह असला तरी नाही, मुलगा २१ चा झाला तरी नाही. दहा वर्षं राहिलेल्यांना कोर्टात जी एक सवलत मागता येते तीही खलाशाला मागता येत नाही. विमानाने बोट पकडायला आला असेल, सी-वन-डी व्हिसावर, तरी तो क्रूच धरतात. आणि समजा कोणी मिलिटरी पॅरोल मागून मिळवला, तरी ही खलाशीपणाची आडकाठी त्याने आपोआप जात नाही. म्हणजे त्या कन्सल्टंटने अर्ज घातला असता, पैसे घेतले असते, वर्षभराचा पॅरोल कदाचित आला पण असता, आणि मग आय-४८५ वर नकार आणि कोर्टाची नोटीस.

पण ताई, तुम्ही पत्रात एक ओळ अशी लिहिलीत, सहज, की मी ती वाचून थांबले. हॉटेलवाल्याने तेव्हा काहीतरी पेपर भरले होते.

कधी? हे विचारा. आज रात्री विचारा. कारण कायद्यात २४५-आय नावाचं एक कलम आहे, ते २००१ मध्ये बंद झालं पण ज्याच्यासाठी ३० एप्रिल २००१ किंवा त्याच्या आधी नातेवाइकाने पिटिशन किंवा मालकाने लेबर सर्टिफिकेशन (परदेशी माणूस कामावर ठेवायला लेबर खात्याकडे करायचा अर्ज) भरलं होतं त्याला ते आजही लागू आहे. तो एप्रिल ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल, वकिलांच्या ऑफिसबाहेर रांगा, हॉटेलवाले, गॅस स्टेशनवाले आपल्या माणसांसाठी शेवटच्या दिवशी फॉर्म घेऊन धावत होते. या कलमाखाली माणूस एक हजार डॉलर जास्तीचे भरून इथेच ग्रीन कार्ड घेऊ शकतो, मग तो शिक्क्याशिवाय आलेला असो नाहीतर बोटीवरून उतरलेला असो. खलाशाला पण चालतं! हॉटेल बंद पडलं, मालक वारला, केस पुढे गेली नाही, तरी बऱ्याचदा तो हक्क टिकतो, फक्त अर्ज तेव्हा खरा आणि मंजूर होण्यासारखा असायला हवा. तो जुना अर्ज माणसाला दाराच्या आत घेतो आणि आता ग्रीन कार्ड मुलाच्या आय-१३० वर मिळतं.

एक अट अजून, अर्ज १४ जानेवारी १९९८ नंतरचा असेल तर माणूस २१ डिसेंबर २००० या दिवशी अमेरिकेत होता हे दाखवावं लागतं. मिस्टर ऑक्टोबरमध्ये उतरले, म्हणजे होतेच. पुरावा कसला? बँक अकाउंट नसणार तेव्हा, मान्य. पण गावी पैसे पाठवले असतील त्याच्या पावत्या, त्या डिसेंबरात आईला लिहिलेलं पत्र आणि त्याच्या पाकिटावरचा अमेरिकन पोस्टाचा शिक्का, डॉक्टरची चिठ्ठी, खोलीच्या भाड्याची पावती, काहीही. गुहागरच्या घरात पेटीत, देवघराच्या खालच्या कप्प्यात अशी पाकिटं असतात, कोणी टाकत नाही. भावाला सांगा शोधायला, आणि सापडलं की फोटो काढून पाठवायला आणि मूळ कागद जागचा हलवू नको म्हणावं. मिस्टरांचं सीडीसीचं, म्हणजे खलाशाच्या नोंदींचं, पुस्तक पण शोधा, बोट कुठे, कधी लागली ते त्यात असेल. लेबर खात्याकडचे इतके जुने कागद सरकारकडून मिळणं कठीण जातं, म्हणून तो हॉटेलवाला किंवा त्याची मुलं, किंवा त्याचा तेव्हाचा वकील, यांच्यापैकी कोणाचा तरी पत्ता लागला तर फार मोठं काम होईल.

आणि बघा हा कागद फक्त मिस्टरांचा नाही. तो अर्ज भरला तेव्हा तुमचं लग्न झालेलं होतं आणि मुलगी जन्मलेली होती, म्हणजे नवऱ्याच्या त्या हक्कात बायको आणि तेव्हाचं मूल पण येतं, ते मूल आज २७ चं असलं तरी येतं. मुलीसाठी हे किती मोठं आहे ते सांगते.

भावाने बहिणीसाठी अर्ज करायचा म्हटला तर तो चौथ्या प्रेफरन्सचा, म्हणजे नातेवाइकांच्या रांगेतल्या शेवटच्या गटाचा, भारतातल्या लोकांना वीस वर्षांच्या आसपास थांबावं लागतंय, भाऊ फौजेत असला म्हणून रांग पुढे सरकत नाही. पण तुमच्यापैकी एकाचं ग्रीन कार्ड झालं की तुम्ही तिच्यासाठी अर्ज करू शकता, २१ वरच्या अविवाहित मुलीचा, तो पण काही वर्षांचा पण भावाच्यापेक्षा बराच कमी. अट एकच, तिचं लग्न झालं की तो अर्ज संपला, कारण ग्रीन कार्डवाल्याच्या विवाहित मुलांना जागाच नाही. हे तिला स्पष्ट सांगा, तिच्या आयुष्याचा निर्णय आहे, तुम्ही तिच्यावर लादू नका पण माहीत नसताना तिने लग्न केलं असं व्हायला नको. तिचा नंबर लागेल तेव्हा तिच्यासारख्या स्टेटस नसलेल्या माणसाला इथे बसून ग्रीन कार्ड मिळत नाही, पण बापाचा तो २००१ चा कागद असेल तर मिळतं. आणि नसेल तरी तिला विचारा डाका कितव्या वर्षी मिळाला. साडेअठराच्या आत मिळून मध्ये एकदाही खंड पडला नसेल तर तिच्या नावावर बंदी लागण्याइतका 'बेकायदा मुक्काम' साचलेला नाही, म्हणजे ती भारतात जाऊन व्हिसा घेऊन येऊ शकते आणि १० वर्षांची बंदी (बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर गेला की परत यायला लागते ती) तिला लागत नाही. म्हणून डाकाचं रिन्यूअल एक दिवस पण चुकू देऊ नका, नवीन डाका देणं बंद आहे, रिन्यूअलच्या भरवशावरच सगळे आहेत.

मिस्टरांचा २००१ चा कागद नाहीच निघाला तर? तर तुमचं आधी होणं महत्त्वाचं. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालं की तुम्ही त्यांच्या ग्रीन कार्डवाल्या बायको होता, मग मुलाच्या आय-१३० वर ते आय-६०१ए ची, म्हणजे त्या १० वर्षांच्या बंदीची, माफी इथूनच मागू शकतात, त्यात त्यांच्या वाचून तुमचे हाल होतील हे दाखवायचं, आणि ती मंजूर झाल्यावरच मुंबईच्या कॉन्सुलेटला मुलाखतीला जायचं. काही वर्षं लागतात, पण रस्ता आहे. उलट तुमच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये काही घोळ निघाला आणि मिस्टरांचा कागद पक्का असला, तर आधी त्यांचं करायचं आणि मग ते तुमचा आधार होतात. म्हणून मी म्हणते की चौघांचं एकदम पॅकेज हा विचारच तुमच्या घरासाठी चुकीचा आहे, एकाचं झालं की त्याच्यावर दुसऱ्याचं उभं राहतं आणि कोणाचं आधी हे त्या जुन्या कागदांवरून ठरणार. एक धोका पण सांगून ठेवते, तुमच्या फॉर्मवर नवऱ्याची माहिती खरी लिहावी लागते, पत्ता येतो, म्हणून तुमचा अर्ज जायच्या आधी वकिलाने मिस्टरांची फाइल पण वाचलेली पाहिजे.

मुलाचं. आईवडिलांकडे पेपर नाहीत म्हणून नागरिक मुलाला आर्मीतून काढत नाहीत. सिक्युरिटी क्लिअरन्सच्या फॉर्मवर नातेवाइकांच्या स्टेटसबद्दल विचारतात तिथे त्याने खरं लिहायचं, खोटं लिहिलं तर मात्र त्याच्या नोकरीवर येईल. त्याच्या बेसवर लीगल असिस्टन्सचं ऑफिस असतं, जॅगचे, म्हणजे फौजेचे स्वतःचे, वकील, फुकट, आणि त्यांच्याशी बोललेलं गुप्त राहतं, तिथे त्याने स्वतः जायचं. इमिग्रेशन वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचा, आयलाचा, फौजी कुटुंबांना फुकट मदत करणारा एक प्रोग्रॅम पण आहे, जॅगच्या ऑफिसातूनच त्याची चौकशी करता येईल. वकील खरा आहे का हे राज्याच्या बारच्या साइटवर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं, आणि वकील नसलेला पण सरकारमान्य प्रतिनिधी असतो, त्याला डिपार्टमेंट ऑफ जस्टिसची मान्यता लागते. तुमच्या कन्सल्टंटला विचारा यातलं काय आहे. आणि मुलाची परेड, मुलाचा सोहळा असला तरी तुम्ही दोघं बेसवर जाऊ नका, मला माहितीये किती जीव तुटेल, पण मे २०२५ पासून तिथे रिअल आयडी (कायदेशीर स्टेटस तपासून दिलेलं ओळखपत्र) बघतात, तुमचं साधं लायसन्स चालत नाही, आणि २०२५ मध्ये कॅम्प पेंडलटनला एका मरीनच्या आईवडिलांना असंच पकडलंय. त्याच कारणाने विमानाने पण फिरू नका, देशातल्या देशात सुद्धा.

आईकडे जायचं विचारलंत. हे उत्तर लिहायला मला जड जातंय. नाही ताई, आत्ता नाही. आज तुम्ही विमानात बसलात की १० वर्षांची बंदी त्या क्षणी लागू होते, मुलगा फौजेत आहे याने ती थांबत नाही, आणि वर सांगितलं तशी तिची माफी मागायला मुलगा चालत नाही. आय-४८५ भरल्यावर प्रवासाची आगाऊ परवानगी मागता येते, ॲडव्हान्स पॅरोल, आणि २०१२ मध्ये इमिग्रेशनच्या अपील बोर्डाने एका भारतीय जोडप्याच्याच केसमध्ये सांगितलंय की ही परवानगी घेऊन गेलात तर ते 'देश सोडणं' धरून १० वर्षांची बंदी लावायची नाही. आई खूप सीरियस असेल तर ती परवानगी तातडीने मागता येते, गावच्या डॉक्टरचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, निदान आणि तारीख लिहून घ्या आणि आत्ताच घेऊन ठेवा. तरीही हातात परवानगी असली तरी परत येताना एअरपोर्टवरचा ऑफिसर अडवू शकतो, म्हणून मी तरी कार्ड हातात आल्यावरच जा म्हणेन, पण आईची तब्येत तुम्हाला माहीत, मला नाही, तो निर्णय तुमचा.

तर या आठवड्यात तीन कामं. मिस्टरांना विचारा हॉटेलवाल्याने कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात काय भरलं आणि सही कुठल्या वकिलासमोर केली. भावाला २००० च्या डिसेंबरची पाकिटं आणि तुमचा २००४ चा पासपोर्ट शोधायला लावा, गावी राहिला असेल तर. आणि मुलाला जॅगच्या ऑफिसची वेळ घ्यायला सांगा, जाताना त्याने स्वतःचा बर्थ सर्टिफिकेट न्यावा, त्यावर तुमचं नाव तुमच्या पासपोर्टवर आहे तसंच आहे का ते आधी बघा, आपल्याकडे माहेरचं-सासरचं नाव आणि स्पेलिंग यात फरक असतोच, आणि फरक असेल तर लग्नाचा दाखला गुहागरच्या ग्रामपंचायतीतून आत्ताच मागवा, त्याला वेळ लागतो.

काय सापडलं ते कळवा. विशेषतः ती हॉटेलवाल्याची तारीख.